सतराव्या बरणीचं मूल्यमापन

विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा डॉ. चंद्रकुमार गजभिये बरण्यांमध्ये कडुनिंबाचा पाला घालत होते, म्हणजे त्यांच्या मते संशोधन करत होते. पवनीकडच्या रस्त्यावर एक कॉलेज आहे, तिथे एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राचे ते विभागप्रमुख. विभागात शिक्षक तीन, विद्यार्थी चौदा, सूक्ष्मदर्शक नऊ (त्यातून दिसतं असे सहा) आणि धानाच्या बरण्या एकेचाळीस. प्राचार्यांच्या शिपायानं पत्र आणलं, "अर्जंट आहे म्हणते," असं म्हणून पाल्याच्या ढिगावर ठेवलं आणि तो चहाला गेला.

पत्राची भाषा मोठी गोड होती. 'गुणवत्ता तपासून ती उंचावण्याच्या हेतूने' विद्यापीठ सगळ्या पदव्युत्तर विज्ञान अभ्यासक्रमांचं मूल्यमापन करणार होतं. तीन आठवड्यांत विभागानं स्वतःच स्वतःचं मूल्यमापन करून अहवाल पाठवायचा. मग अठरा डिसेंबरला तिघांची समिती येणार आणि त्या मूल्यमापनाचं मूल्यमापन करणार. शंभरपैकी साठ गुण मिळाले तर अभ्यासक्रम चालू. नाही मिळाले तर पुढच्या सत्रापासून बंद, आणि असलेल्या विद्यार्थ्यांना 'नागपूर येथील महाविद्यालयांत सामावून घेण्यात येईल'.

सामावून घेण्यात येईल! सर तिथेच अडले. पहिल्या वर्षाची खुशबू त्यांच्या डोळ्यांपुढे आली. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलं, पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत ती लहानाची मोठी झाली, आणि तिच्या बापानं, चिंधूनं, प्रवेशाच्या दिवशीच सरांना सांगून ठेवलं होतं, "सर, इथवर एस.टी. येते म्हणून पोरगी शिकून राहिली. नागपूरले ठेवन मी? नाव नका काढू." म्हणजे नागपूर खुशबूला सामावून घ्यायला कितीही तयार असलं तरी खुशबू घरीच सामावली जाणार होती.

आणि ज्या बरण्यांत सर पाला घालत होते, त्यातली सतरा नंबरची बरणी खुशबूचीच होती. म्हणजे तिच्या आजीची, तुळसाबाईची. गाव सोडताना बाकीच्यांनी भांडीकुंडी उचलली, तुळसाबाईनं बांधीतला, म्हणजे घरच्या शेतातला, धान लुगड्याच्या पदरात बांधून आणला. सुवासाचा, बारीक, काळ्या कुसळाचा. नाव काय म्हणून विचारलं तर म्हातारी म्हणायची, "नाव कायले? आमचा धान." विभागानं बरणीसाठी त्यातला थोडा मागून आणला तेव्हा रजिस्टरमध्येही तसंच लिहिलं: क्रमांक १७, स्थानिक नाव, आमचा धान. नव्या वस्तीत घरचं उरलंसुरलं बी उंदरांनी खाल्लं आणि तो धान पृथ्वीवर एका बरणीपुरता उरला. खुशबूचा प्रकल्प त्याच्यावरच होता.

असो. अहवालाकडे वळू, कारण सरांनाही वळावंच लागलं.

अहवालाचा नमुनाच एकशे बारा पानांचा होता. सात निकष, प्रत्येक निकषाला उपनिकष, उपनिकषाला पुरावा, आणि पुराव्याला सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र. 'आपल्या अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती सांगा' असा पहिला प्रश्न. सरांनी लिहिलं, 'विद्यार्थ्यांना झाडं कळतात.' मग स्वतःच खोडलं. एवढ्याला कोण गुण देणार? दुसऱ्या दिवशी त्याच ओळीची अडीच पानं झाली आणि त्यात 'झाड' हा शब्द कुठेच राहिला नाही.

सर राहायचे जवाहरनगरला, कारण त्यांची बायको ललिताबाई फॅक्टरीत नोकरीला आणि क्वार्टर तिच्या नावावर. शेजारी बाबूलालजी, कुठल्याशा खात्यातून रिटायर होऊन सहा वर्षं झालेली, पण सल्ला देण्याचं काम त्यांनी अजून कोणाकडे सोपवलं नव्हतं. सर अंगणात अहवाल घेऊन बसले की बाबूलालजी कुंपणावर कोपर टेकवून उभे.

"गजभियेजी, एक बात सांगू? बुरा नका मानू."

हे वाक्य ज्यानं ऐकलं त्याला बुरा मानण्याशिवाय गत्यंतर नसतं. सर म्हणाले, "सांगा."

"अहवालात कुठंच 'नाही' लिहू नका. माझी पस्तीस वर्षं सर्व्हिस झाली. 'नाही' लिहिलं की साहेब थांबते आणि वाचते. 'आहे' लिहिलं की पान उलटवते."

सरांनी मान हलवली, पण मनात ठरवलं की आपण असलं काही करायचं नाही. विज्ञानाचा माणूस, पुराव्याशिवाय बोलायचं नाही. हा बाणा चौथ्या निकषापर्यंत टिकला.

चौथा निकष क्षेत्र-अभ्यासाचा. कॉलेजच्या मागे एक बोडी आहे, म्हणजे छोटं तळं. तीस वर्षांपासून सगळ्या बॅचेस तिथेच पाणवनस्पती शिकल्या. ही बोडी आहे असा महसूल खात्याचा दाखला हवा होता. सर तहसीलमध्ये तीन फेऱ्या मारून आले. तिसऱ्या फेरीत बाबूनं नोंद काढली आणि शांतपणे सांगितलं, "सर, ही जागा क्रीडांगण आहे."

"अहो, तिच्यात पाणी आहे. कमळं आहेत."

"असतील. नोंदीत क्रीडांगण आहे. कमळं काढायची असली तर अर्ज करा."

ही बातमी कॉलेजात पोचायला अर्धा तास लागला. दुपारी क्रीडा संचालक सरांकडे आले आणि मोठ्या नम्रतेनं म्हणाले की तुम्ही आमचं मैदान इतकी वर्षं विनापरवानगी वापरून राहिले, त्याचं काही लेखी देता का? सरांनी त्यांना चहा पाजला. अहवालात 'क्षेत्र-अभ्यासासाठी जलाशय' या रकान्यात त्यांनी जड हातानं 'आहे' लिहिलं, आणि पुराव्याच्या जागी बोडीत कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या क्रीडा संचालकांचा जुना फोटो लावला.

मग माजी विद्यार्थ्यांचा रकाना. कोण कुठे लागला? विनोद तुमसरच्या राइस मिलमध्ये होता, धानाचा दाणा दाताखाली फोडून ओल सांगायचा. सरांनी लिहिलं 'गुणवत्ता विश्लेषक'. अश्विन बी-बियाण्यांचं दुकान टाकून बसला होता. तो 'कृषी-उद्योजक' झाला. प्रतिक्षाचं लग्न होऊन ती सासरी चार एकरांत भाजीपाला काढत होती, तिला कुठे बसवावं ते कळेना. ललिताबाईंनी पोळ्या लाटता लाटता सुचवलं, "प्रक्षेत्र व्यवस्थापक लिहा." सरांना आपल्या बायकोचा अभिमान वाटला आणि स्वतःची थोडी लाजही वाटली, पण पान पुढे गेलं.

पाचवा निकष मात्र त्यांचा हक्काचा होता: 'विभागाचे वेगळेपण'. इथे त्यांनी एकेचाळीस बरण्यांवर अकरा पानं लिहिली, मनापासून, एक शब्द खोटा नाही. अगदी शेवटी एक ओळ होती: 'प्रत्येक वाणाचा राखीव साठा वेगळ्या जागी ठेवला जातो का?'

जात नव्हता. करायचं करायचं म्हणून चार वर्षं राहून गेलं होतं. वेगळी जागाच नव्हती. एकच खोली, एकच कपाट. सरांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. कुंपणावर बाबूलालजी नव्हते, तरी त्यांचं कोपर सरांना दिसत होतं. सरांनी लिहिलं, 'होय.' आणि मग एका 'होय'नं समाधान होईना म्हणून राखीव साठ्याच्या कार्यपद्धतीवर दीड पान लिहिलं, तापमानासकट.

या सगळ्या धामधुमीत विभाग कोण चालवत होतं? जे नेहमी चालवत तेच. कवडूभाऊ हटवार, प्रयोगशाळेचे परिचर. चार वर्षांनी रिटायर होणार, गावात दीड एकर धानाची शेती, सूक्ष्मदर्शकांपैकी दिसणारे सहा कोणते हे फक्त त्यांनाच माहीत. समिती यायच्या दोन दिवस आधी ते सरांच्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. सर तेव्हा जोडपत्र क्रमांक त्रेसष्टला पानांचे आकडे टाकत होते.

"सर, जेवणाचं पक्कं झालं. वांग्याची भाजी, पाटोडी, कढी, भात. स्वयंपाकीण कुंताबाई रांधून राहिली. पर भाताचे वांधे आहेत."

"काय वांधे? डिसेंबर आहे, घरोघरी धान आला आहे."

"तेच तं सांगून राहिलो. सारा नवा धान. नव्या तांदळाचा भात गिजगा होते, निस्ता चिकट गोळा. पाहुण्याले नवा तांदूळ कोणी वाढते का? लोक तोंडात शेण घालतीन. जुना पायजे."

"मग जुना आणा!"

"जुना कोणाच्या घरी उरला नाही यंदा. मी चार घरं फिरलो."

सरांचा आकडा चुकला. एकशे अठ्ठ्याऐंशीनंतर त्यांनी एकशे अठ्ठ्याऐंशीच टाकला होता. त्यांचा इतक्या दिवसांचा साचलेला राग बिचाऱ्या भातावर निघाला. "कवडूभाऊ, कुठूनही आणा, पण मले विचारू नका! मी इथं विभाग वाचवून राहिलो, अन् तुमी मले तांदूळ विचारता?"

कवडूभाऊंनी मान डोलावली. "बरं सर," म्हणाले आणि गेले. नको विचारू म्हटलं की ते विचारत नसत. शिस्तीचा माणूस.

अठरा तारीख उजाडली. प्राचार्यांनी आदल्या संध्याकाळी सगळ्या दारांना रंग देऊन घेतला होता आणि डिसेंबरातला रंग तो, सकाळपर्यंत वाळला नव्हता. समिती साडेदहाला यायची ती सव्वाबाराला आली. अध्यक्ष डॉ. कामिनी वैरागडे, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, जे ऐकतील ते लहान अक्षरात टिपणाऱ्या. दुसरे सदस्य पातळ चष्म्याचे, त्यांना सगळ्या गोष्टींची टक्केवारी हवी असे. तिसरे उतरल्या उतरल्या स्वच्छतागृहाकडे गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या कोटाच्या बाहीवर कॉलेजचा निळा रंग होता. प्राचार्य ते बघून हसले, मग आपण काय केलं ते कळून गंभीर झाले.

"उशीर झालाच आहे, तर आधी जेवून घेऊ, मग विभाग बघू," मॅडम म्हणाल्या. सरांना बरं वाटलं. एका वर्गातच पंगत मांडली होती, ते तिथे मॅडमच्या शेजारी बसले. विद्यार्थ्यांशी अनौपचारिक संवाद हा दोन गुणांचा उपनिकष असल्यामुळे खुशबूला मॅडमच्या समोर बसवलं होतं.

भात वाढला. वाढताक्षणी सगळ्या वर्गात वास पसरला, आणि बोलणारे बोलायचे थांबले. पांढरा, मोकळा, लांब दाणा. मॅडमनी पहिला घास घेतला, मग कढी न घालता नुसताच दुसरा घेतला. "गजभिये सर," त्या म्हणाल्या, "असा भात मी पुष्कळ वर्षांत खाल्ला नाही. कोणता तांदूळ हा?"

"आमच्याकडचाच, मॅडम," सर म्हणाले. छाती भरून आली होती त्यांची. "भंडारा जिल्हा म्हणजे तांदूळच. कवडूभाऊ, मॅडमना भात वाढा. सरांनाही." टक्केवारीवाल्या सदस्यांनी तिसऱ्यांदा घेतला.

मग सरांचं लक्ष खुशबूकडे गेलं. पोरीनं एक घास तोंडात घातला होता आणि ती चावत नव्हती. ताटाकडे बघत होती. डोळे भरलेले.

"काय झालं बेटा? तिखट लागलं?"

खुशबूनं घास कसाबसा गिळला. ती उठून सरांजवळ आली आणि कानाशी वाकून, मॅडमना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "सर, हा सतराव्या बरणीतला आहे."

गजभिये सरांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी समोर बघितलं. कवडूभाऊ भाताचं पातेलं घेऊन मोठ्या समाधानानं टक्केवारीवाल्यांच्या ताटाशी वाकले होते. सर उठले, "पाणी बघतो," असं काहीतरी पुटपुटले आणि कवडूभाऊंना दंडाला धरून व्हरांड्यात घेऊन आले.

"कवडूभाऊ, तांदूळ कुठून आणला?"

"तुमीच म्हणाले ना, विचारू नका."

"आता मी विचारून राहिलो!"

"कपाटातून. मागच्या वर्षीचा धान होता ना बरण्यांत, चांगला जुना. जाडा नाई घेतला सर, बारीक बारीक सात बरण्या घेतल्या. गावच्या मशीनवर भरडून आणला." सरांचा चेहरा बघून ते थोडे गोंधळले. "मागच्या खेपेले नवा धान बरण्यांत भरला तवा तुमीच नाही का म्हणाले, कवडूभाऊ, जुना घरी घेऊन जा, खा. मंग? मी खाल्ला तं चालते, मॅडमनं खाल्ला तं काहून नाही चालत?"

या युक्तिवादाला उत्तर होतं. मागच्या खेपेला आधी पेरून, कापून, नवं बी बरणीत भरलं होतं; मग जुनं दिलं होतं. यंदा पेरलंच नव्हतं, पेरणी पुढच्या आषाढात होती. ज्या कपाटाच्या जोरावर ते साठ गुण मागणार होते ते कपाट समिती आत कढीबरोबर जेवत होती.

कवडूभाऊ आणखी काहीतरी सांगायला लागले होते, "पर सर, मी काय म्हणतो, त्या धानाची—" एवढ्यात प्राचार्य बाहेर आले. "गजभिये, मॅडमना आता बरण्या बघायच्या आहेत. पाचवा निकष त्यांना फार आवडला म्हणे. चला, चला!"

सरांनी वेळ काढायचा जमेल तेवढा प्रयत्न केला. आधी जोडपत्रं बघू म्हणाले. मॅडम म्हणाल्या, वाचली आहेत. बोडी दाखवतो म्हणाले. टक्केवारीवाले म्हणाले, तिथे ते गृहस्थ पाण्यात काय करत होते ते मात्र नंतर सांगा. शेवटी सगळी वरात प्रयोगशाळेत पोचली. कपाट उघडलं. सरांनी डोळे मिटले आणि उघडले.

एकेचाळीस बरण्या, एकेचाळीसही भरलेल्या.

क्षणभर त्यांना वाटलं, आपलं डोकं फिरलं. मग सतराव्या बरणीकडे नीट बघितलं. काळं कुसळ नाही, दाणा जाडा, पिवळा. कवडूभाऊंच्या दीड एकरातला ताजा धान! पाहुण्यांपुढे रिकामी बरणी ठेवायची नाही म्हणून त्यांनी साती बरण्या आपल्या घरच्या धानानं भरल्या होत्या. वर कडुनिंबाचा पालाही आठवणीनं घातला होता.

आणि मंडळी, इथेच खरी गंमत आहे. समितीतल्या मॅडम रसायनशास्त्राच्या, टक्केवारीवाले गणिताचे, निळ्या बाहीचे भौतिकचे. धानातला फरक त्या खोलीत तिघांनाच कळत होता, आणि तिघंही घरचेच. सरांनी गप्प राहायचं, एवढंच काम होतं. गप्प राहिलं की साठ गुण.

"तो सतरा नंबर दाखवा ना," मॅडम म्हणाल्या. "बुडालेल्या गावाचा धान. या मुलीचा प्रकल्प आहे ना तो? तूच सांग बेटा."

खुशबूनं बरणी उचलली. तिनं काचेतून दाण्यांकडे बघितलं, मग सरांकडे. बोलली तर अभ्यासक्रम जातो आणि ती घरी बसते. नाही बोलली तर आजीच्या धानाच्या नावावर परक्याच धानाची माहिती सांगावी लागते. एकवीस वर्षांच्या पोरीपुढे हा प्रश्न आपण आणून ठेवला, एका 'होय'पासून सुरू करून, हे सरांना त्या क्षणी लखलखीत दिसलं आणि त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

"मॅडम," खुशबू म्हणाली, "हा... हा धान..."

"थांब बेटा," सर म्हणाले. "ठेव ती बरणी खाली. मॅडम, या बरणीतला धान खोटा आहे. खरा तुम्ही जेवलात."

प्राचार्य मटकन स्टुलावर बसले. ते स्टूलही कालच रंगवलेलं होतं.

मग सरांनी सगळं सांगितलं. सात बरण्या, जुना तांदूळ, विचारू नका. "चूक कवडूभाऊंची नाही. मी कागदात इतका बुडालो होतो की माझ्या नाकाखालून कपाट गेलं. आणि आता बोलतोच आहे तर ऐका. राखीव साठ्यावर दीड पान लिहिलंय ना मी, तापमानासकट? तेही खोटं आहे. असा साठा नाही. असता तर आज ही वेळ नसती. आमच्या सबंध अहवालात खरी वस्तू ही एकच होती, आणि तिचा भात झाला."

मॅडमनी पेन उघडलेलं होतं, पण त्या लिहीत नव्हत्या. टक्केवारीवाल्यांनी पोटावरचा हात हळूच काढून घेतला.

"आता मी बोलू काय?" मागून कवडूभाऊ म्हणाले. "मघापासून सांगून राहिलो, सर बोलूच देत नाहीत. सारा कुठं जेवले हे?"

ते कोपऱ्यात गेले. तिथल्या खिळ्याला त्यांची डब्याची पिशवी लटकत होती. तिच्यातून त्यांनी सात पुरचुंड्या काढल्या, जुन्या ॲप्रनच्या कापडात बांधलेल्या, आणि एकेक करून टेबलावर ठेवल्या. प्रत्येकीला बरणीवरचं मूळ लेबल दोऱ्यानं बांधलं होतं. सतरा नंबरची त्यांनी खुशबूच्या हातात दिली. पोरीनं गाठ सोडली. आत मूठभर धान, काळ्या कुसळाचा.

"भांडं निपटून खाली करते का कोणी?" कवडूभाऊ म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटत होतं. "घरची ढोली असो का बरणी, मूठभर मागं ठेवाच लागते. माझी माय ठेवे, तिची माय ठेवे. आन् बियाचा धान एकमेकात मिसळू नाही, म्हणून अलग अलग बांधला. बरण्यांत माझा धान भरला होता, म्हणून हे पिशवीत ठेवलं. वेगळ्या जागी."

खुशबू खाली बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडली. सरांचेही डोळे पाणावले. काच धुरकट झाली म्हणत त्यांनी चष्मा पुसला. मॅडमनी ती पुरचुंडी हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "गजभिये सर, तुमचं दीड पान मी पुन्हा वाचणार आहे. तापमान सोडलं तर त्यात खोटं काय आहे ते मला दिसत नाही."

निकाल फेब्रुवारीत आला. एकसष्ट गुण. अभ्यासक्रम तीन वर्षं चालू. शेरे खाली होते. क्षेत्र-अभ्यासासाठी जलाशय असमाधानकारक, त्यात क्रीडाप्रकार आढळले. माजी विद्यार्थ्यांची पदनामं अतिशयोक्त. राखीव साठ्याची पद्धत स्तुत्य. तथापि तिची लेखी कार्यपद्धती तीन प्रतींत सादर करावी, आणि विभागात बीजजतनाचं प्रशिक्षण घेतलेली एकही व्यक्ती नाही याकडे लक्ष द्यावं.

बाबूलालजी कुंपणावर येऊन म्हणाले, "बघा, माझं ऐकलं म्हणून झालं." सरांनी त्यांना पेढा दिला.

लेखी कार्यपद्धती करताना 'मूठभर' चालेना, ग्रॅम हवे होते. सरांनी कवडूभाऊंना तराजूजवळ बोलावलं. "मूठ म्हणजे किती, कवडूभाऊ?"

"कोणाची मूठ सर? माझी का कुंताबाईची?"

कवडूभाऊंची भरली बेचाळीस ग्रॅम. तीन प्रतींत तेवढंच गेलं.

आषाढात सतरा नंबरची मूठ खुशबूनं स्वतः पेरली, अर्धी विभागाच्या वाफ्यात आणि अर्धी चिंधूच्या बांधीच्या कोपऱ्यात. दिवाळीनंतर तिच्या वस्तीत मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरली तेव्हा तुळसाबाईनं सरांना आणि कवडूभाऊंना जेवायला बोलावलं. म्हातारीनं पायलीभर धान झाला त्यातला बियाला वेगळा काढून, उरलेल्यातल्या दोन ओंजळी रांधल्या होत्या. नवा तांदूळ, भात गिजगा झाला होता. तिनं आधीच सांगून टाकलं, "जुना नाही बाबा, नवाच आहे. नावं नका ठेवू." कवडूभाऊंनी मान खाली घालून निमूट खाल्ला. वास मात्र तोच होता, सगळ्या घरात भरलेला.

"सर," तुळसाबाईनं वाढता वाढता विचारलं, "ते नागपूरचे लोक आले होते ना, त्यांनी खाल्ला म्हणे आमचा धान. काय म्हणत होते?"

सर म्हणाले, "उत्तम म्हणाले आजी. आजवर असा खाल्ला नाही म्हणाले."

म्हातारीनं भातवाढी पातेल्यात ठेवली. "हेच सांगाले तीन माणसं गाडी करून आले?" ती म्हणाली. "मले इचारलं असतं तं मी घरी बसून सांगतलं असतं." मग तिनं पातेल्यात वाकून बघितलं, तळाशी उरलेला घासभर भात सरांच्या ताटात न वाढता तसाच राहू दिला आणि वर झाकण ठेवलं.